चुन्याचा पट्टा

मस्कतकडच्या सिद्राच्या दरीत मरहूनच्या उजव्या कानाची काळजी त्याच्यापेक्षा लोकांनाच जास्त. वाऱ्यात त्याने डोक्याचं फडकं कानावर ओढून घ्यावं, पाटाच्या पाण्यात अंघोळ करताना डोकं बुडवू नये, त्या कुशीवर झोपू नये, असं बायका त्याच्या बायकोला बजावून सांगायच्या. ती बिचारी हो हो म्हणायची. नवऱ्याचा कान अख्ख्या दरीच्या मालकीचा, बोलणार काय?

हसू नका, गोष्ट तशी हसण्याची नव्हती. मरहून शेतकी खात्याचा कीटकतज्ज्ञ. गाडी, खुर्ची, खोलीभर बाटल्या, बाटल्यांत बुडवून ठेवलेले किडे, सगळा सरकारी सरंजाम त्याच्याकडे होता. पण त्याचं खरं हत्यार तो कानच. सोंड्या भुंगा खजुरीच्या खोडात अंडी घालतो. अळ्या आत बसून खोड पोखरत राहतात आणि बाहेरून झाड हिरवंगार, काही झालंच नाही असं. घरमालकाला कळतं तेव्हा शेंडा कलंडलेला असतो. मरहून खोडावरचा काथ्या हाताने बाजूला करायचा, डाव्या कानात बोट घालायचा, उजवा खोडाला लावायचा आणि डोळे मिटायचा. भोवतीची माणसं श्वास धरून उभी. आत अळी असेल तर शेजारच्या खोलीत कुणी वाळकी भाकरी चावतंय असा आवाज येतो, असं तो सांगायचा. आवाज नसला की सरळ होऊन म्हणायचा, "शांत आहे," आणि बादलीतल्या कुंचल्याने खोडावर चुन्याचा पांढरा पट्टा ओढायचा. आवाज असला तर काहीच बोलायचा नाही. मालकाच्या खांद्यावर नुसता हात ठेवायचा, आणि मालक कुणालातरी करवत आणायला पाठवायचा.

या पट्ट्यांनी दरीतली एक जुनी रीत मोडली. तिथे दुसऱ्यांच्या खजुरी राखणाऱ्याला बिदार म्हणतात. चढायचं, झावळ्या छाटायच्या, माद्यांना नराचा फुलोरा बांधायचा, घड उतरवायचे, सगळं त्याच्याकडे. पूर्वी कुठलाही बिदार कमरेला दोर बांधायच्या आधी कोयत्याच्या पाठीने खोड चारी बाजूंनी ठोकून बघायचा. बाप पोराला पहिलं तेच शिकवायचा. पण ज्या झाडावर मरहूनचा पट्टा आहे ते ठोकायचं म्हणजे मरहूनच्या तोंडावर त्याच्यावर संशय घ्यायचा. सिद्रातली माणसं असली मर्यादशील की जीव गेला तरी चालेल, पण समोरच्याचा अपमान नको. ठोकणं बंद पडलं. सगळ्यात आधी ते बंद केलं सनद बिदाराने, कारण सनद म्हणजे मरहूनचा बालमित्र.

मरहून खार्टूमला किड्यांचं शिक्षण घेऊन आला तेव्हा गावाने त्याची भरपूर थट्टा केली होती. मुंग्या मोजायचा पगार मिळतो म्हणे याला. त्याला पहिली कामगिरी मिळाली ती सरहद्दीकडच्या एका गावात. सोंड्या नुकताच देशात शिरला होता, कुणीतरी बाहेरून खजुरीची पिल्लं, म्हणजे बुंध्याशी फुटणारी रोपं, आणून लावली त्यांतून. वरून हुकूम आला, रोगट झाडाभोवतीचं सगळं कापा आणि जाळा. त्याने कापलं. पूर्ण बाग आडवी केली. त्या बागेच्या म्हाताऱ्या मालकिणीने ना शिवी दिली, ना रडली. दारात आलेला पाहुणा म्हणून तिने त्याला कॉफी आणून दिली आणि करवतीकडे पाठ करून बसली. ती कॉफी त्याला जन्मभर पुरली.

त्यानंतर त्याने ठरवलं की अशी कत्तल पुन्हा आपल्या हातून व्हायला नको. झाडांना कान लावत लावत तो वेड्यासारखा फिरला, कापलेल्या प्रत्येक खोडाशी आपलं ऐकणं ताडून बघितलं, आणि शेवटी वरच्यांशी भांडून सिद्राच्या दरीपुरती सवलत मिळवली. तिथे फक्त मरहून सांगेल तेच झाड कापायचं. जोवर त्याचा अंदाज चुकत नाही तोवर. त्याच्या कानावर दरीतल्या सगळ्या बागा उभ्या राहिल्या. उन्हाळ्यात मोठ्या हंड्यांत मब्सली जातीची खजूर उकळून, वाळवून, पोती भरून हिंदुस्थानात जाणारी खारीक त्यातलीच. त्याच्या थोरल्या बहिणीची, झुवैनाची बागही त्यातलीच.

तर असा हा कान. तो गेला.

कसा गेला ते ऐका. मागच्या उन्हाळ्यात मरहूनने कचेरीत सांगितलं की यंदा दरीतले रातकिडे फार कमी झालेत, कारण शोधलं पाहिजे, बहुधा कुणीतरी भलतंच औषध फवारतंय. दोन-तीन जणांना कामाला लावलं. स्वतः बागांतून फिरून किडे शोधले तर किडे होते. शेवटी त्याचा ड्रायव्हर म्हणाला, "डॉक्टर, कमी कुठले झालेत? किर्र किर्र करून डोकं उठवलंय त्यांनी." दरीत त्याला सगळे डॉक्टरच म्हणायचे. डॉक्टर हसला आणि गाडीत बसला. किडे ओरडत होते आणि आयुष्य किड्यांत घालवलेल्या माणसाला ते ऐकू येत नव्हतं.

मस्कतच्या डॉक्टरने तपासून सांगितलं, नस वाळलीय. माणसांचं बोलणं कळायला यंत्र देता येईल, पण इतका बारीक आवाज विसरा. मरहूनने यंत्र घेतलं आणि कपाटात कपड्यांखाली दडवलं. बायकोलासुद्धा सांगितलं नाही.

सांगितलं तर काय होणार हे त्याला पाठ होतं. सवलत संपणार, करवती येणार. आणि खरं सांगायचं तर एवढंच नव्हतं. तो वाटेने निघाला की लोक उठून उभे राहायचे, लग्नात त्याला वरच्या जागी बसवायचे, झाड शांत निघालं की म्हातारी माणसं त्याच्या कानाचं चुंबन घ्यायची. मान कुणाला नको असतो? तो पूर्वीसारखाच डोळे मिटून खोडाला कान लावत राहिला. आत असायची एक जाड, सपाट शांतता, सगळ्या झाडांत सारखीच. मग तो गुपचूप वास घ्यायचा, रस गळतोय का बघायचा, काथ्यात चघळलेला भुसा शोधायचा. ही लक्षणं उशिरा दिसतात हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तरी तो म्हणायचा, "शांत आहे." त्याची झोप उडाली, जेवण तुटलं. अंगाला चुन्याचा वास येतो असं वाटून तो सारखे हात धुवायचा.

फुलोरा बांधायच्या दिवसांत मस्कतहून नवे मुदीर आले, म्हणजे मरहूनचे वरिष्ठ. नाव हिलाल. वयाने लहान, बोलायला गोड. सिद्राची ही कान लावायची पद्धत चालू ठेवायची की मोडायची ते त्यांना डोळ्यांनी बघून ठरवायचं होतं. पाहुणचार झुवैनाच्या बागेत ठरला.

झुवैना म्हणजे खमकी बाई. नवरा गेल्यावर बाग एकटीने राखलेली. तिच्या बागेत मधोमध आईने लावलेली नघाल होती. दरीत सगळ्यांच्या आधी पिकणारी खजूर ती, आणि त्यातही आईच्या झाडाचा पहिला घड सगळ्यांच्या आधी. आईने ते पिल्लू स्वतःच्या हाताने लावलं आणि त्याला फळ धरायच्या आत ती गेली. दर वर्षी पहिली वाटी झुवैना मरहूनकडे पाठवायची.

पाहुणे यायच्या आधी मरहून बागेत एक चक्कर मारून आला. नघालीच्या शेजारी पाटाच्या कडेला एक मब्सली होती. मागच्याच महिन्यात दोन्हींवर त्याने पट्टे ओढले होते, एकाच सकाळी, एकाच बादलीतून. मब्सली जरा झुकल्यासारखी वाटली म्हणून त्याने तिच्या खोडावर हात टेकला. हात मनगटापर्यंत आत गेला. आत लाकूड नव्हतंच, नुसता तपकिरी लगदा, आंबलेला आणि कोमट. तीन-चार जाडजूड अळ्या त्याच्या बोटांवरून वळवळल्या.

आणि त्याने काय केलं? हात पाटात धुतला, काथ्या ओढून भोक बुजवलं आणि पाहुण्यांच्या स्वागताला गेला. आज संध्याकाळी गाडी गेली की सनदला खरं सांगू, एवढंच त्याने मनाशी म्हटलं. एक दिवस तर काढायचा होता.

चटया अंथरल्या होत्या. हलवा, खजूर, वेलची घातलेली कॉफी. हिलालने बागेचं कौतुक केलं. मरहून त्यांच्या ओठांकडे बघून मान डोलावत होता. मग झुवैनाच म्हणाली की मुदीर साहेबांना फुलोरा बांधणं दाखवा, शहरात वाढलेल्या माणसांनी कुठे बघितलं असेल. सनद खुशीत उठला. नराच्या फुलोऱ्याच्या काड्या त्याने कमरेला खोवल्या, दोर खोडाभोवती टाकला. झाड कुठलं? पाहुण्यासाठी निवडायचं म्हणजे घरातलं मानाचंच. आईची नघाल.

ठोकून बघितलं नाही. पट्टा होता ना.

मरहून चटईवरून उठला तोवर सनद तीन माणसं उंच चढला होता. या झाडाच्या आत काय आहे? शेजारचं पोकळ आहे, भुंगा शेजारीच जातो. कदाचित हे धड असेल. कदाचित दोर एका हिसक्याने ताणला की शेंडा माणसासकट खाली येईल. वारा सुटला तसं खोड डोललं, खजुरी डोलतातच. ते करकरतंय की नाही हे तिथे बसलेल्या कोणालाही कळलं असतं. त्याला सोडून.

त्याने हाक मारली, सनद, खाली ये, आधी कॉफी घे. सनद वरून हसला. मरहूनला त्याचे दात दिसले, शब्द कळले नाहीत. हिलालच सांगते झाले, "दोन फुलोरे बांधतो आणि येतो म्हणतायत. कॉफी कुठे पळून चालली? असू द्या हो डॉक्टर, बघू द्या आम्हाला." मरहूनने पुन्हा हाक मारली, म्हणाला, वारा फार आहे. यावर सगळेच हसले. असल्या वाऱ्यात सनद झाडावर झोपा काढायचा. झुवैना मात्र हसली नाही. ती भावाच्या हातांकडे बघत होती. ते हात तो पुन्हा पुन्हा कपड्याला पुसत होता.

वर सनदने दोरावर अंग मागे टाकलं, दोन्ही हात मोकळे केले आणि फुलोऱ्याची म्यान कापायला कोयता काढला.

"सनद!" मरहून ओरडला. "पट्टा खोटा आहे."

सगळे त्याच्याकडे वळले. आता थांबून चालणार नव्हतं.

"मला ऐकू येत नाही. मागच्या उन्हाळ्यापासून येत नाही. झाड आतून कसं आहे मला माहीत नाही. हळू उतर, हिसका देऊ नकोस."

सनदने कोयता खोचला. कमरेच्या काड्या काढून टाकल्या, त्या फिरत फिरत खाली आल्या. मग तो उतरू लागला, एक पाय, दोर, दुसरा पाय, दोर. कुणी हललं नाही. मरहून खोडाला दोन्ही हातांनी धरून उभा होता, जणू झाड पडायला लागलं तर तो ते तोलून धरणार होता. तोंडाने तो आईचं नाव घेत होता.

सनद जमिनीवर आला. दोर सोडला. मरहूनच्या अगदी समोर येऊन उभा राहिला, म्हणजे त्याला नीट कळावं.

"महिनाभर मी तुझ्या पट्ट्यांवर माझ्या पोराला चढवतोय रे," तो म्हणाला. "कोयता ठोकायला लागला तर मी त्याच्या थोबाडीत मारली. डॉक्टरांचा पट्टा आहे, लाज नाही वाटत, म्हणालो."

सनद दोर खांद्यावर टाकून बागेतून निघून गेला. पाहुण्यांना सलामसुद्धा केला नाही. सिद्रात असं कधी कुणी केलं नव्हतं.

हिलाल वाईट माणूस नव्हते. त्यांनी मब्सली बघितली, भोकात हात घातला आणि तो रुमालाने पुसला. मग म्हणाले की आता माझ्या हातात काही उरलं नाही, डॉक्टर, तुमच्या उन्हाळ्यापासूनच्या एकाही पट्ट्यावर मला भरवसा ठेवता येणार नाही. रोगट झाडाभोवतीचं सगळं जाईल. दरी आता इतर दऱ्यांसारखीच. हे ते मोठ्याने आणि सावकाश बोलले, बहिऱ्याशी बोलतात तसं.

गाड्या गेल्यावर झुवैना चटया गुंडाळत होती. मरहून मदतीला वाकला तर तिने चटई ओढून घेतली.

"तो उतरणारच होता," ती म्हणाली. "दोन फुलोरे राहिले होते. तेवढा वेळ तोंड मिटून बसला असतास तर?"

"आणि पडला असता तर, ताई?"

"पडला नाही ना. वर्षभर खोटं बोललास आणि खरं बोलायला नेमकी माझी बाग सापडली तुला."

ही गोष्ट तिने पुन्हा कधी काढली नाही. पण मरहूनला तिचं बोलणं खोटं म्हणता येईना आणि खरंही म्हणता येईना. सनद जिवंत आहे, असं तो स्वतःला सांगायचा. मग त्याला पोराच्या थोबाडीत मारलेली आठवायची, आणि तो सगळा धीर जागच्या जागी गळून जायचा.

करवती आल्या. मरहूनने आता यंत्र कानात घातलं होतं, लपवायचं काय राहिलं होतं? त्यातून करवतीचा आवाज थेट डोक्यात शिरायचा. तो रोज बागेच्या बांधावर जाऊन उभा राहायचा. जा म्हणून कुणी सांगितलं नाही, ये म्हणूनही नाही. वाटेवर लोक आता उठून उभे राहत नव्हते. पण दरीभर दुसरा एक आवाज परत आला होता. बिदार चढायच्या आधी कोयत्याच्या पाठीने खोडं ठोकत होते, आणि यंत्रातून तो आवाज त्याला स्वच्छ ऐकू यायचा.

आधी ती मब्सली पाडली. ती पडली कसली, बसलीच खाली. वास असा सुटला की कामगारांनी नाकाला फडकी बांधली. तिच्या पलीकडच्या दोन झाडांत बोगदे निघाले. बघणाऱ्यांत कुजबुज झाली, डॉक्टर बोलला ते बरं झालं म्हणणारेही दोघं-चौघं निघाले. मग पुढची झाडं पाडली, आणि ती धडधाकट निघाली. एकामागून एक, आतून पांढरीशुभ्र. कुजबुज थांबली. लोक बांधावरून एकेक करून घरी गेले.

नघाल शेवटी पाडली. सनदला करवत धरायला बोलावलं होतं, तो आला नाही. परक्या कामगारांनीच पाडली. बुंध्याचा काप उन्हात ओला चमकत होता, त्यावर एक डागसुद्धा नव्हता.

दुसऱ्या दिवशी झुवैनाचा निरोप आला, ये. मरहून गेला. बागेच्या जागी आता ऊन होतं. ती घराच्या सावलीत बसली होती आणि समोर फडक्याने झाकलेलं ताट होतं.

खजूर पाडली की शेंड्यातला गाभा काढून घरात वाटायची तिथे रीत आहे. तो एरवी कुणाला खायला मिळत नाही. तो काढायचा म्हणजे झाड मारायचं. आणि किडलेल्या झाडाला गाभा नसतो, तिथे घाण भरलेली असते. झुवैनाने फडकं बाजूला केलं. ताटात गाभ्याचे पांढरे काप होते.

"सगळ्यांना वाटला," ती त्याच्याकडे तोंड करून सावकाश म्हणाली. "सनदच्या घरीही दिला. तुझा वाटा राहिला होता. खा."

त्याने मान हलवली. नको.

"आईचं झाड आहे. खाऊन सांग."

"काय सांगू, ताई?"

"आतून कसं होतं ते. एवढं तरी तुला कळेल."

मरहूनने एक काप उचलला आणि तोंडात घातला. शहाळ्यातल्या मलईसारखा तो मऊ होता, जरा चिकट, आणि गोड. तो चावत राहिला. यंत्रातून त्याला स्वतःचं चावणं मोठ्याने ऐकू येत होतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्याने पुसलं नाही.

"गोड आहे," तो म्हणाला.

झुवैनाने मान डोलावली आणि ताट आणखी त्याच्यापुढे सरकवलं.